दादानं परवाना मागितला
आमच्या दादाएवढा नियमानं चालणारा माणूस मी बघितला न्हाई, आणि तेच त्याला नडलं. फौजेत असताना उत्तराखंडात त्यानं परवान्यावर लावलेली भांग बघितलेली. झाड गांजाच्याच जातीचं, पण नशेची न्हवं, कापडाच्या धाग्याची. रिटायर होऊन म्हसवडला आल्यावर त्यानं रीतसर अर्ज केला, तसाच परवाना मला द्या. उत्तर आलं न्हाई, पोलीस आले. रिकामं रान बघून गेले.

पुढं त्याची पोरगी पोलीस भरतीत निवडली गेली, तवा चारित्र्य पडताळणीत शेरा निघाला: 'वडिलांची गांजाप्रकरणी चौकशी.' पोरगी घरीच बसली.

दादा ठाण्यात गेला. "साहेब, मी एक रोप लावलं न्हाई."

साहेब म्हणला, "लावलं असतं तर केस झाली असती, कोर्टानं सोडलं तरी असतं. अर्जातनं तुम्हाला कोण सोडवणार?"