ग्लायकॉनच्या दगडावर आधी काय

…बरं, बातमी सांगायची तरी काही रीत असते की नाही? तुम्हाला सांगतो, मी आपला दारात बसून ऑलिव्हना मीठ लावत होतो, शेजारणीची शेळी नेहमीसारखी आमच्या कुंपणात, आणि बंदरावरचा खलाशी येतो काय, उभ्याउभ्या म्हणतो काय, "बुडाला भाऊ तुमचा." म्हणजे बुडाला आधी, भाऊ मागून. आमच्या स्मिर्ना शहरात हल्ली सगळे ग्रीक अशीच बोलतात, मीही बोलतो… जे घडलं ते आधी तोंडाबाहेर पडतं, आणि माणूस येतो मागून धापा टाकत. जुनी माणसं धीराची हो.

खिऑस बेटापुढच्या समुद्रात ग्लायकॉनचा देह काही मिळाला नाही. रिकाम्या कबरीवर दगड उभा करायचा, आल्यागेल्यानं तो मोठ्यानं वाचायचा, तेवढंच त्या जिवाला पोचतं. पण लिहायचं काय? गेलो फिलोक्लेस गुरुजींकडे. गुरुजी बोलतात ते शेकडो वर्षांपूर्वीच्या लोकांसारखं. "जेवलात का" विचारलं, तर आधी डाळ येते, मग डाळीतला कांदा, मग कांद्याचं गाव, आणि 'जेवलो' येईपर्यंत आपल्याला पुन्हा भूक लागते.

"मेनिप्पा," गुरुजी डोळे मिटून म्हणाले, "क्रियापद शेवटी. सगळी पंगत बसल्यावर यजमान येतो तसं. जुनी माणसं धीराची."

"पण गुरुजी, जुनेही कधीकधी आधी ठेवायचेच की."

"ठेवायचे. त्यांना शोभायचं."

आता घरी अम्मिया, ग्लायकॉनची बायको. मासळी खारवते, जिभेला मीठ तिथूनच लागलेलं. "भावोजी, त्या वाटेनं गाढववाले जातात, पंडित नाही. 'मेला ग्लायकॉन समुद्रात', संपलं. नवरा माझा गेलाय, गुरुजींचा नाही."

मध्ये मी! शेवटी गुरुजींचं ठरलं, कारण ते घरी येऊन बसले ते उठेचनात. पाथरवटानं रीतीप्रमाणे आधी लाल रंगात अक्षरं काढली: हर्मियासचा धाकटा मुलगा, अम्मियाचा नवरा, गोड गळ्याचा, वाऱ्याला न भिणारा ग्लायकॉन, ऐन तारुण्यात, खिऑसच्या पुढे, खोल समुद्रात, बुडाला.

छिन्नी लागण्याआधी कानांनी पारखावं म्हणून आम्ही तिघं झाडामागे उभे. आला एक गाढववाला. अक्षरं लावत लावत, मोठ्यानं, अगदी मनापासून वाचायला लागला… पण जुनी माणसं धीराची असतील, गाढव कुठे धीराचं? ओढायला लागलं त्याला. 'खिऑसच्या पुढे' एवढं त्याच्या हाती आलं, आणि जाताजाता दगडाकडे मान वळवून म्हणतो, "खिऑसच्या पुढे निघालास होय? सुखरूप जा रे बाबा."

मी म्हटलं, मेलो, आता ही गुरुजींना सोलणार. पण गाढव वळणापलीकडे जाईपर्यंत अम्मिया त्या माणसाच्या पाठीकडेच बघत होती.

"पाथरवटाला सांगा," ती म्हणाली, "त्यानं वाचलं तिथवरच कोर."

"पण वाक्य अपुरं राहील, बाई," गुरुजी म्हणाले.

"राहू दे."

"आता तर म्हणालात, समजेल असं लिहा."

"समजलं की त्याला."

गुरुजी आयुष्यात पहिल्यांदा वाक्य शोधत राहिले. मी तरी काय करणार? पाथरवट तिथवर कोरून थांबला. पुढचा लाल रंग उन्हानं उडत चाललाय, आणि 'बुडाला' कोरायचं राहिलंय.