मुंबईतला शंकरपट

त्या दिवशी मी नेहमीसारखा मंगरूळपीरच्या बाजारात वांगी विकत बसलो होतो. तेवढ्यात जऊळक्याहून, मुलीच्या घरून निरोप आला, माझ्या धाकट्या भावाचं, वसंताचं ठरलेलं लग्न मोडलं. "शर्यतीवाल्याले आमी पोरगी देत नाही."

घोळ आईचा होता. वसंता मुंबईत दोन कंपन्यांच्या संगणकांना तीच दशांशांची गणितं घालायचा आणि कोणता आधी सोडवतो ते पाहायचा. आईला कळावं म्हणून तो म्हणाला होता, "बैलांची शर्यत, शंकरपटच समज." आईने पाहुण्यांना सांगितलं, "आमचा वसंता मुंबईत पट लावून राह्यला!"

वसंता मुंबईहून आला आणि आम्ही दोघे भाऊ जऊळक्याला गेलो. वसंताने सगळं समजावलं. मुलीचे वडील म्हणाले, "यंत्रं तुमची?"

"नाही मामा, कंपन्यांची."

"अन् एखांदं हारलं तं?"

"वापस पाठवतो."

"तुमचं काई जात नाही?"

"काईच नाही. वरून पगार भेटते."

"मंग हे आधी काहून नाही सांगतलं?" ते आत वळून ओरडले, "अवं, च्यात साखर जास्त टाक!"

वसंता गेल्या वर्षी गेला. त्याची मुलगी आता संगणकच शिकते. त्याच्या पटातली यंत्रं पाहायला मुंबईला ये, असं तो मला दर दिवाळीला म्हणायचा. मी गेलो नाही.