उशाशी मेलेल्या माश्या

मेलेल्या माश्यांना कोण घाबरतं, म्हणाल. मी घाबरले होते बाई.

माझी नात सुमन तेव्हा सहा वर्षांची. तिला काटेवाडीहून बारामतीच्या दवाखान्यात नेलं, तर तोंडातून लाळ गळत होती, अंग थरथरत होतं अन् डोळ्यांतल्या बाहुल्या मोहरीएवढ्या झालेल्या. डॉक्टरांनी विचारलं, "काय खाल्लं हिनं?" मी म्हणाले, "दूध-भाकर." ते म्हणाले, "मेंदूला सूज आलीय." सलाईन लावलं, पण पोर आणखीच खचत चालली.

दुसऱ्या दिवशी दुपारी झाडूवाली मावशी खाटेपाशी थबकली.

"आज्जे, एवढ्या खाटा सोडून माश्या हितंच का मरून पडत्यात?"

उशीवर सात-आठ माश्या पाय वर करून पडल्या होत्या. आमच्या देखत आणखी एक सुमनच्या डोक्यावर बसली, फडफडली अन् गळून पडली. मला वाटलं, यमच उशाशी येऊन बसलाय.

मावशीनं डॉक्टरांना बोलावलं. त्यांनी पोरीच्या डोक्याला बांधलेलं फडकं सोडून वास घेतला अन् ओरडलेच, "काय लावलंय हे?"

"उवांसाठी हाय. वांग्यावर फवारायचं औषध. आमच्यात समद्या लावत्यात."

"आजी, काल का नाही सांगितलं?"

"तुमी खाल्ल्याचं इचारलं, सायेब. डोक्याचं कुठं इचारलं?"

केस कापले, डोकं धुतलं, विषावरचं इंजेक्शन दिलं. पोर वाचली. आता तिलाही लेक आहे. "ये गं, वेणी घालते," म्हणाले की सुमन हसत हसत तिला माझ्यापासून लांब ओढते.