न्हाणीघरातली पंचमहाभूतं

...आणि वर आमचे हे दाराबाहेरून मलाच विचारतात, "अगं, कोंडली गेलीस म्हणजे नेमकं कोण कोंडलं गेलं?" आता तुम्हाला सांगते, डोळ्यांत साबण गेलेल्या बाईला हे विचारायचं असतं का? हे दारंकुलपं दुरुस्त करतात, आणि गिऱ्हाइकाला घाई असली की आमच्याच घरातलं सामान उचकटून त्याच्याकडे बसवायचं, ही यांची पद्धत. आदल्या दिवशी न्हाणीघराच्या हँडलची जोडीच काढून नेली, मला सांगायचं नाव नाही, आणि मी आपली सवयीनं दार लोटून मोकळी... खट्. खटका बसला, आणि आतून उघडायला हँडलच नाही. साडेसात वाजलेले.

आणि दिवस कुठला? शिवणकारखान्यात आमच्या ओळीची मुकादम नेमायचा. अकरा वर्षं वाट बघितली मी. साहेबांनी बजावलेलं, "आठच्या भोंग्याला जी हजर नाही, तिचं नाव खोडणार."

"अहो, दार उघडा."

"दार हा प्रपंच आहे," हे म्हणाले. तीन महिने झाले, कुठल्या तरी प्रवचनाला जातात. "प्रपंच म्हणजे पंचमहाभूतांचा पसारा. पृथ्वी, पाणी, तेज, वायू, आकाश. दिसतो, पण खरा नाही."

दिसतो, पण खरा नाही. मी चौथी शिकलेली, पाचपर्यंत मोजता येतं मला. बादलीत पाणी, पायाखाली फरशी, डोक्यावर दिवा, झरोक्यातून वारा आणि वहीच्या पानाएवढं आकाश... पाचही माझ्याबरोबर आत. मग बाहेर यांच्याकडे उरलं काय? नुसतं तोंड.

"हँडल कुठाय?"

"शेजारणीच्या न्हाणीला."

"मग आणा की काढून."

आणलं. शेजारीण आत अंघोळ करत होती, हे बघितलं कुणी? तिच्या शिव्या भिंतीतून ऐकू यायला लागल्या. दिसत नव्हत्या, पण खऱ्या होत्या. हे हँडल बसवतायत, तेवढ्यात भोंगा वाजला. मी आतच.

सव्वाआठला ओल्या केसांनी कारखान्यात पोचले, तर मुकादम कोण? जिला मी सुईत दोरा ओवायला शिकवला, ती. संध्याकाळी हे म्हणतात, "पद म्हणजे तरी काय गं, प्रपंचच. दिसतं, पण खरं नाही." मी म्हटलं, हो. भांडायला जीव कुठं होता? उद्यापासून त्या पोरीला बाई म्हणायचं, म्हणून भांडी घासता घासता हळूच म्हणून बघितलं. "आले, बाई... झालं, बाई." जमतंय की.