गुडघ्यांची चौकशी

तुम्ही त्या मोबाईलच्या ट्रॅकिंगच्या नावाने बोंबलताय ना, मग आमच्या आईचं ऐका. लालबागच्या खोलीत बसून तिने मोबाईलवर गुडघ्यांच्या व्यायामाचा एक व्हिडिओ बघितला. झालं! भजनाचं अ‍ॅप उघडलं तरी तेलाची जाहिरात, 'आज गुडघे कसे आहेत?' माझं डोकंच सटकलं. बसलो आणि लोकेशन, ट्रॅकिंग, एकेका अ‍ॅपची परवानगी, सगळं बंद करून टाकलं. वर ऐटीत म्हटलं, "आता तुझ्यावर कोणी पाळत ठेवणार नाही."

आठवड्याने ती म्हणाली, "फोनाक काय केलंस रे? आधी रोज माझे गुडघे कशे आसत, ता विचारी तरी."

"आई, ती जाहिरात होती गं!"

"आसांदे, जाहिरात तर जाहिरात. घरात दुसरा कोण विचारता?"