पोटुशी सापसुरळी

अगं, माझ्या सासूएवढी मायाळू बाई अख्ख्या शिनोलीत न्हाई म्हणतात. आता ऐक. भाताचा राब भाजायचा व्हता, म्हंजी रोपं टाकायच्या जागी पाला जाळायचा. पेटवायच्या आधी ती पाल्याच्या ढिगावर काठी आपटायची, आतले जीव निघून जावेत म्हणून. तर एक जाडजूड सापसुरळी बाहेर आली. माझ्या नवऱ्यानं दगड उचलला.

सासू ओरडली, "टाक तो दगड! पोटुशी हाय ती. पोटात अंडी वागवती. दमानं जाऊ दे बिचारीला."

ती बांधाच्या दगडांत शिरेपर्यंत सगळे थांबले. मला नववा लागलेला, डोक्यावर पाल्याचा भारा. मी म्हणाले, "आत्याबाई, मी बी जरा बसू का?"

"तुला काय धाड भरलीय?"