आधी बूड, मग पाय

"हॅलो? … हॅलो, कोण? … हं, बोल. … अरे बोल ना, मला ऐकू येतंय, तुलाच येत नसेल. थांब, करवत बंद करते."

थोरलीने बटण दाबलं. पातं बराच वेळ गुरगुरलं आणि मग थांबलं. केसांत भुसा, नाकात भुसा आणि आता कानाशी धाकटा भाऊ. सकाळपासूनचा हा त्याचा चौथा फोन.

"हं, आता बोल. … पोचलात शोरूमला? नवरा-बायको दोघंही? … बरं. … हो, लाल आणि पांढरी. माहीत आहे. तीन आठवडे झाले, उठता-बसता त्या दोनच गाड्या ऐकतेय मी. शाळेत पाढे इतके घोकले नव्हते. … अरे पण मी काय मोजायला सांगितलं होतं? … ते नाही. … तेही नाही. … छताला खिडकी आहे, बरं, आहे. बाबा काय छतातून उतरणार आहेत आत? … हसू नकोस. मी विनोद करत नाहीये."

धाकट्याचं असंच होतं. विमा कंपनीत बसून बसून त्याला सगळ्या जगाचा तक्ता करायची खोड लागली होती. मिक्सर घेतला तरी तक्ता. आता मोठी, उंच गाडी घ्यायची, तर दोन रकाने आखले, एक लालचा, एक पांढरीचा. इंजिन, टचस्क्रीन, एअरबॅग, डिकी. पांढरीला एकोणीस खुणा, लालला अकरा. गाडी बाबांसाठी घेतोय असं तो घरीदारी सांगत होता, आणि त्या अख्ख्या तक्त्यात बाबांची एक ओळ नव्हती. गाडी घ्यायला निघालेल्या माणसाचे आधी कान जातात आणि मग अक्कल, हे थोरलीचं मत. तिची मतं अशीच असायची, रंधा न मारलेली.

"सीटची उंची. जमिनीपासून सीटच्या कडेपर्यंत. एवढी एकच गोष्ट. कागदावर लिहून दिली होती मी. … घेतलीस? … मग आधी ती सांगायची सोडून घोड्यांची ताकद काय सांगत बसलास. … हं, सांग, लिहून घेते."

कानामागची पेन्सिल काढून तिने समोरच्या फळीवर दोन रेघा ओढल्या.

तिच्या पाठीमागे, घरामागच्या कारखान्याच्या कोपऱ्यात, बाबा गाडीत बसले होते. गाडी म्हणजे प्लायची. एक सीट, एक दाराची चौकट, वर धरायला एक दांडा, बस्स. बाबांनी उभा जन्म सुतारकीत काढला, आणि गेल्या वर्षी माळ्यावरून फळी काढताना पडून खुबा मोडून घेतला. आत सळई घातली. काठीने चालत होते, पण घरची जुनी गाडी एवढी बुटकी, की दवाखान्यात जायच्या दिवशी दोन शेजाऱ्यांना त्यांच्या काखेत हात घालावे लागले. सदरा वर सरकला, पोट उघडं पडलं, एक चप्पल रस्त्यातच राहिली, आणि समोरच्या दुकानातली झाडून सगळी माणसं हातातलं काम टाकून बघत उभी राहिली. त्या दिवसापासून बाबा फाटकाबाहेर पडले नव्हते. "मला कपाटासारखं उचलायचं नाही," एवढंच म्हणाले. याला आठ महिने झाले.

मग थोरलीने समजावणं सोडलं आणि लाकूड हातात घेतलं. सीटखाली फळ्या सरकवत एकेक उंची करून बघितली. बाबा पाठमोरे उभे राहायचे, दांडा धरायचे, आधी बूड टेकायचे, मग एक पाय आत, मग दुसरा. सत्तर सेंटिमीटरपर्यंत कुणाचाही हात न लागता बसत होते. त्याच्यावर गेलं की टाच जमिनीवरून सुटायची आणि सगळं बिनसायचं. आत्ताही सीट सत्तरवर होती, आणि बाबा तिच्यात बसून, चष्मा कपाळावर चढवून, काही ऐकत नसल्याचं नाटक करत होते.

"लाल सत्त्याहत्तर. … आणि पांढरी? … चौऱ्याहत्तर? … थांब. परत सांग. … अरे, पांढरी केवढी धिप्पाड आहे. तूच फोटो पाठवलास ना दोघी शेजारी उभ्या करून? लाल तिच्यापुढे करवलीसारखी दिसत होती. आणि आत सीट मात्र पांढरीची खाली? आत काय खड्डा खणलाय? … नाही, मोजमाप खोटं बोलत नाही, मोजणारा बोलतो. … चिडू नकोस. टेप कुठली नेलीस? … बाबांची? … पिवळी, ड्रॉवरमधली?"

थोरलीने कपाळ धरलं. ती पिवळी टेप पुढून दहा सेंटिमीटर तुटलेली होती. बाबांनी ती टाकली नाही. दहापासून सुरू होते तर आलेल्या आकड्यातून दहा वजा करायचे, त्यात काय जातं? या घरातली दोन्ही मुलं तशीच शिकली. माप घ्यायचं, दहा कापायचे, मग तोंड उघडायचं. बाहेरच्या माणसाला ही भानगड कळायचं कारणच नव्हतं.

"दहा वजा केलेस? … दोन्हींतून? … 'बहुतेक' म्हणजे काय? बहुतेक असं माप असतं का? … बरं, मला सांग, लालचा आकडा कुणी वाचला? … त्या विक्रेत्याने. त्याने वाचला आणि तू तसाच उतरवलास. … आणि पांढरीचा तू स्वतः वाचलास? … झालं मग. तिथे तुझी जुनी सवय जागी झाली, तिथे तू दहा कापलेस. … अरे त्याला बिचाऱ्याला काय स्वप्न पडणार आहे, की या माणसाची टेप पुढून बोडकी आहे म्हणून? … म्हणजे लाल सदुसष्ट. … हो, सदुसष्ट. सत्त्याहत्तर नाही. आणि पांढरी चौऱ्याहत्तर ती चौऱ्याहत्तरच. … चल, झालं तर. लाल. बाबा बसतात सदुसष्टला, अगदी आरामात बसतात. … का? आता काय?"

पलीकडून बराच वेळ बोलणं चाललं होतं. थोरली फळीवरच्या सत्त्याहत्तरवर काट मारत होती, एकदा, दोनदा, लाकडात टोक रुतेपर्यंत.

"पायरी? … कसली पायरी? … पांढरीला दाराखाली मिळते. बरं. … हो, हो, समजलं, फूटभर रुंद आहे. पण बाबा पाठमोरे बसतात रे. पाठमोरे. पाठमोरा माणूस पायरीवर चढेल कसा? उलट ती मध्ये येणार, त्यांना सीटच्या जवळच जाता येणार नाही. … तू कधी बघितलंयस त्यांना बसताना? … नाही, मी भांडत नाही, विचारतेय. एवढे तीन आठवडे मी इथे फळ्या सरकवतेय, तू एकदा तरी येऊन बघितलंस? … रविवारी आला होतास. आलास, चहा प्यायलास, टेप घेतलीस, गेलास. … उंटावरून शेळ्या हाकणं सोपं असतं. … हॅलो? … हॅलो, कोण? … अगं तू का. दिला वाटतं त्याने फोन तुझ्याकडे."

आता भावजय होती. थोरलीने आवाज एक पट्टी खाली आणला. भावजय वाईट नव्हती, फक्त भित्री होती, आणि भित्र्या माणसाच्या तोंडून खरं लवकर निसटतं.

"हो, हो … अगं ऐक ना. रागावले नाहीये मी. माझा आवाजच तसा आहे, दिवसभर यंत्रावर ओरडून झालाय तसा. … हं. … हो, पांढरीत ऐसपैस आहे, मान्य. … हो, रंगही छान आहे. … काय? … काय म्हणालीस? … नाही, आता बोललीस तर पुरतं बोल. … काल? … काल पांढरीसाठी नाव नोंदवून झालं? … मग आज ही मापं कशासाठी? … माझं समाधान व्हावं म्हणून."

कोपऱ्यात प्लायची गाडी कुरकुरली. बाबा पुढे सरकले होते.

"त्याला दे फोन. … अगं तुझ्यावर नाही मी चिडले. दे. … हं. काय रे, ताकाला जाऊन भांडं कशाला लपवत होतास? … सांगणार होतास, कधी? गाडी दारात आल्यावर? … थांब, आता मी बोलते, तू ऐक. तुला पांढरी आवडली. आवडू दे. स्वतः कमावतोस, छतावरची खिडकी उघडून वारा खावासा वाटला तर त्यात पाप नाही. तुझ्यासाठी घे, मी चकार शब्द काढणार नाही. पण बाबांसाठी घेतोय म्हणून सांगू नकोस. तू बाबांच्या नावावर शाबासकी घ्यायची आणि बाबांनी खिडकीतून तुझी गाडी बघायची, हे मला चालणार नाही. … लागू दे. लागावं म्हणूनच बोलतेय. … चार सेंटिमीटरनं काय होतंय? तुला काय होणार, तुझे खुबे शाबूत आहेत."

तिने पेन्सिल कानामागे खोचली. बोलून काही होत नाही, हे तिला या घरात सगळ्यांत आधी कळलं होतं.

"बरं. फोन ठेवू नकोस. … नाही, ठेवू नकोस म्हटलं ना. तसाच धर."

फोन तिने रंधायच्या टेबलावर ठेवला. दोन-दोन सेंटिमीटरच्या दोन फळ्या उचलल्या.

"बाबा, उठता जरा? चौऱ्याहत्तर करते."

बाबा दांडा धरून उठले, काठी टेकली, बाजूला झाले. फळ्या आत गेल्या, तिने गुडघ्यावर बसून मापली, चौऱ्याहत्तर. बाबा पाठमोरे झाले. डावा हात दांड्यावर. बूड सीटच्या कडेला लागलं आणि घसरलं. दुसऱ्या वेळी टाच वर आली, पाय हवेत थरथरला, थोरलीचा हात आपोआप पुढे गेला, आणि बाबांनी नुसत्या डोळ्यांनी तो मागे सारला. तिसऱ्या वेळी काठी पडली. ते दांड्याला लोंबकळत राहिले, तोंड लाल, मानेच्या शिरा तटतटलेल्या, आणि मग हळूहळू पायांवर आले.

दम खात त्यांनी टेबलावरच्या फोनकडे बघितलं.

"सांग त्याला, जमलं," ते कुजबुजले.

"बाबा."

"सांग म्हणतो ना. हौसेनं घेतोय पोरगा."

थोरलीने फोन उचलला.

"हॅलो. … आहेस ना? … ऐक. बाबा म्हणतायत, सांग त्याला, जमलं. … थांब, एवढ्यात खूश होऊ नकोस. जमलेलं नाही. तीनदा केलं, तीनदा घसरले, आता उभे राहून धापा टाकतायत. तुझं मन मोडू नये म्हणून मला खोटं बोलायला सांगतायत. … हो, आत्ताच. … ज्या माणसाने जन्मात गिऱ्हाइकाला सूतभर चुकीचं माप दिलं नाही, तो तुझ्यासाठी चार सेंटिमीटर गिळायला निघालाय. … आता बोल ना. … बोल काहीतरी. इतका वेळ तर तोंडाला खळ नव्हती."

बाबा तिच्याकडे असे बघत होते, की लहानपणी त्या नजरेनंतर पाठीत धपाटा ठरलेला असायचा. थोरलीने नजर खाली केली नाही. मग बाबांनीच हात पुढे केला.

"आण इकडे."

फोन त्यांनी कानापासून चार बोटं लांब धरला, नेहमीसारखा.

"हं. मी बोलतोय. … हं. … नाही रे. नाही बसता येत मला तिच्यात." हे वाक्य बाहेर पडायला वेळ लागला. आठ महिन्यांत त्यांनी 'येत नाही' हे शब्द कुणापुढे काढले नव्हते, घरी येणाऱ्या डॉक्टरपुढेही नाही. "नाही, ताईचं ऐकून नाही सांगत. माझं बूड मला ठाऊक. … हं. … नाही, रागावलो नाही. … लालवर बदलतात का नाव? … मग मला काय विचारतोस, त्या माणसाला विचार. थांबतो मी."

ते थांबले. फोनमधून कुठेतरी लांब गाडीचं दार धप्पकन लागल्याचा आवाज आला, मग माणसांचं बारीक बोलणं. थोरलीने खाली पडलेली काठी उचलून त्यांच्या हातात दिली. ती त्यांनी घेतली.

"हं. … होतं म्हणाला? … बरं. … मग कधी मिळते? … उद्या? … उद्या नको. परवा आण. … अरे, पोरकट प्रश्न विचारू नकोस. परवा म्हणजे परवा. सकाळी आण, दुकानं उघडायच्या सुमाराला. … हो, रस्त्यावर लाव, फाटकाच्या आत नको. सगळ्यांसमोर बसणार आहे मी."

आणि पलीकडचं ऐकून न घेता त्यांनी अंगठ्याने फोन बंद केला.

"माझ्याशी बोलायचं होतं का त्याला?" थोरलीने विचारलं.

"असेल." बाबा पाठमोरे झाले, डावा हात दांड्यावर ठेवला. "काढ त्या फळ्या. सदुसष्ट लाव."